आधी झाड बघ, मग संगणक उघड

येवला

चि. सायली,

बाळा, परवा फोनवर तुझा आवाज फार दमलेला वाटला. "नवीन काही सुचतच नाही गं," म्हणालीस, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. बंगळुरूत मारतहळ्ळीची खोली, रिंग रोडवरचं ऑफिस, दिवसभर डोळे स्क्रीनवर. सुचेना झालं की पुन्हा दुसऱ्यांचीच डिझाइनं चाळतेस. अगं, त्यांनी आधी काहीतरी पाहिलं, मग काढलं. तू कधी पाहणार?

आपल्या पैठणीचंच घे. मोर, पोपट, कमळ, असावलीची वेल, सगळं झाडापानांतूनच पदरावर आलं. पण मागावर धागे उभे-आडवे. वळणसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनीच घ्यावं लागतं. तुझे आतोबा आलेखाच्या कागदावर चौकोन भरताना एवढंच बघायचे, की किती पिसं गाळली तरी मोर मोरच राहील. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं आठव. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा! २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बघावं भरपूर आणि ठेवावं मोजकं, एवढं लक्षात ठेव, राणी.

आणि तुझ्या आसपास काय कमी आहे? कुंदलहळ्ळीचं तळं जवळच. त्या बाजूला टॅबेबुया गुलाबी फुलतो, तेव्हा फांद्यांवर पानं जवळजवळ नसतात, म्हणून तर रंग एवढा उठून दिसतो. मोकळी जागा कुठे सोडायची, ते त्या झाडाकडून शीक. कुंडीतल्या लिंबाचं पान उलटून बघ. नागअळीने पोखरलेली रुपेरी नागमोडी रेघ दिसली, तर ती कुठून सुरू झाली ते शोध. आधी केसासारखी बारीक, मग अळी वाढेल तशी रुंद. कीड आहे खरी, पण रेघेची जाडी कशी बोलते बघ!

इकडे सगळे ठीक. मागावर मुनिया काठाची पैठणी चढलीय. पापड पाठवलेत, पण पापडांवर भागवू नकोस, नीट जेव.

रोज एक पान, एक शेंग, काहीही, हाताने काढ. फोटोवर भागवू नकोस. काढताना जे दिसतं ते फोटोत निसटतं. रविवारी लालबागेत जा, सोबत मैत्रीण ने. पुढच्या फोनला कामाचं नंतर, काय पाहिलंस ते आधी सांग.

तुझी,
आत्या