जर्मन मुलीचं व्याकरण

जर्मन शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही तासांतच एक शब्द वाट अडवतो: ‘दास मेट्श्यन’, म्हणजे मुलगी. ‘देअर’ हे उपपद पुल्लिंगी, ‘दी’ स्त्रीलिंगी आणि ‘दास’ नपुंसकलिंगी. मग मुलगी नपुंसकलिंगी कशी? मार्क ट्वेननं १८८० साली जर्मन भाषेवरच्या निबंधात हीच तक्रार केली होती: इथं तरुण मुलीला लिंग नाही आणि सलगमाला मात्र आहे. तेव्हापासून हा शब्द जर्मन भाषेच्या विक्षिप्तपणाचा, आणि पुष्कळदा जर्मन समाजाच्या वृत्तीचाही, पुरावा म्हणून पुढे केला जातो. मला हा निवाडा उतावीळ वाटतो.

‘मेट्श्यन’च्या मुळाशी आहे ‘माग्ट’ हा जुना स्त्रीलिंगी शब्द. अर्थ आधी कुमारिका, पुढे मोलकरीण. त्याला लहानपणा दाखवणारा ‘-श्यन’ हा प्रत्यय लागला आणि बोलता बोलता मधला ‘ग’ झिजून गेला. हा प्रत्यय लागला की मूळ शब्दाचं लिंग कोणतंही असो, नाम नपुंसकलिंगीच होतं. ‘हुंट’ म्हणजे कुत्रा, पुल्लिंगी, ‘ह्युंट्श्यन’ नपुंसकलिंगी. ‘मान’ म्हणजे पुरुष. पण प्राण्यांमधल्या नराला म्हणतात ‘दास मेनश्यन’. नर असूनही नपुंसकलिंगी. लिंग ठरतं ते शेवटावरून, ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्यावरून नव्हे. लेखनातही याच शेवटाचा अंमल चालतो. त्याच्या जुन्या रूपात ‘इ’ होता आणि त्या ‘इ’नं धातूतला स्वर पुढे ओढून घेतला. ‘मेट्श्यन’ लिहिताना ‘ए’ या रोमन अक्षरावर जी दोन टिंबं देतात, ती या ओढीची खूण. म्हणून ‘हाउस’चं ‘हॉइसश्यन’ होतं, ‘ब्रोट’चं ‘ब्र्योट्श्यन’, म्हणजे सकाळी बेकरीतून आणायचा छोटा पाव.

उच्चाराकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. ‘मेट्श्यन’ लिहिताना मधलं अक्षर ‘डी’ असतं, पण प्रत्ययाच्या आधी ते ‘ट’ होऊन कडक उमटतं. मी ‘श्य’ लिहितो तोही कामचलाऊच. जिभेचा मधला भाग टाळूजवळ नेऊन नुसती हवा सोडली की ‘ह’ आणि ‘श’ यांच्यामधला जो आवाज निघतो, तो हा. रोमन लिपीत तो ‘सी’ आणि ‘एच’ या जोडीनं लिहितात. पण आ, ओ, उ या स्वरांनंतर हीच जोडी घशातून घासून येणाऱ्या ‘ख’सारखी वाचली जाते. ‘कूखन’ म्हणजे केक. ‘कू’ म्हणजे गाय. तिला स्वर न बदलता प्रत्यय लावला तर ‘कूश्यन’, छोटीशी गाय. स्वर दोन्हीकडे एकच आहे, तरी आवाज वेगळे, कारण दुसऱ्या शब्दात ती जोडी प्रत्ययाची आहे आणि प्रत्यय आपला मऊ आवाज सोडत नाही. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘चा’ आपण एकसारखाच लिहितो आणि न चुकता वेगवेगळा उच्चारतो.

लिंगाचंही तसंच. ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’, ‘ते कोकरू’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. कोकणीत ‘चेडूं’ म्हणजे मुलगी आणि शब्द नपुंसकलिंगी; गोव्यात घरातल्या तरुण मुलीविषयी ‘तें आयलें’ असं सहज म्हणतात. तिकडे ऱ्हाइनकाठच्या बोलींत आणि लक्झेंबर्गमध्ये ओळखीच्या बाईच्या नावालाही नपुंसकलिंगी उपपद लागतं, ‘दास आना’ असं, आणि त्यात जवळीक असते. लहान आणि जवळचं ते नपुंसकलिंगी, ही वाट एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांना सापडली.

तरीही सगळा दोष टळत नाही. मुलाला जर्मनमध्ये ‘युंग’ या शब्दापासून आलेलं साधं पुल्लिंगी नाव आहे, ‘युंगं’. मुलीसाठी मात्र रोजचा शब्द लघुरूपाचा, तोही पुढे मोलकरणीच्या अर्थाला गेलेल्या शब्दापासून घडलेला. तक्रार करायची तर इथं आहे, ‘दास’मध्ये नाही. ‘फ्रॉइलाइन’ची गोष्ट याहून स्पष्ट आहे. ‘फ्राउ’ म्हणजे बाई. तिला ‘-लाइन’ हा दुसरा लघुप्रत्यय लावून अविवाहित स्त्रीचं संबोधन केलं गेलं. पन्नाशीच्या शिक्षिकेचं लग्न झालेलं नसेल तर तीही ‘छोटी बाई’. पुरुषाला मात्र लग्नाआधी आणि लग्नानंतर ‘हेअर’च. पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयानं १९७२ साली सरकारी व्यवहारातून हे संबोधन काढून टाकलं. प्रत्यय तसाच राहिला, व्याकरणाला कुणी हात लावला नाही. माणसांनी एकमेकांना हाक मारायची पद्धत बदलली. मला हे शहाणपणाचं वाटतं.

‘मेट्श्यन’पुरतं बोलणाऱ्यांनीही आपल्यापुरती वाट काढलेली आहे. नामाला ‘दास’ लावायचं आणि पुढच्या वाक्यात सर्वनाम येईल तेव्हा नपुंसकलिंगी ‘एस’ऐवजी ‘झी’, म्हणजे ‘ती’, म्हणायचं. रोजच्या बोलण्यात हे सर्रास ऐकू येतं. तेव्हा जर्मन शिकवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: हा शब्द गंमत म्हणून किंवा अपवाद म्हणून फळ्यावर लिहू नका. लेखन, उच्चार आणि लिंग या तिन्ही बाबतींत तो नियमाचंच चोख उदाहरण आहे, आणि पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगावा असा आहे.