फाटकासमोरची गाडी आणि अदत्तादान

घराच्या फाटकासमोर परक्याने गाडी उभी केली, पण तेवढ्या वेळात घरातल्या कोणालाच बाहेर पडायचे नव्हते, तर त्या घरावर अन्याय झाला की नाही, हा प्रश्न वाहतूक शाखेच्या पावतीने सुटत नाही; कारण हानी झाल्याशिवाय अन्याय घडतो का, हा नीतिविचारातला जुना वाद त्याच्या मुळाशी आहे. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीच्या परिसरात आणि अकोल्याच्या जुन्या, मोटारींच्या आधी वसलेल्या पेठांत हा वाद वारंवार दारापर्यंत येतो.

कायदा येथे दोन दृष्टींनी पाहतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १२६ गैरनिरोधाचे, म्हणजे ज्या दिशेला जाण्याचा माणसाला हक्क आहे त्या दिशेला त्याला बुद्ध्या जाऊ न देण्याचे आहे. एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्याची शिक्षा आहे. पण या गुन्ह्याला कोणीतरी प्रत्यक्ष अडलेला माणूस लागतो. उलट मोटार वाहन कायद्याखालील १९८९ च्या रस्ता-नियमांनी एखाद्या जागेचे प्रवेशद्वार अडेल अशा रीतीने वाहन उभे करण्यासच मनाई केली होती. तेथे कोण अडला, हे विचारावे लागत नाही. कौटिल्याची दृष्टी याच प्रकारची दिसते. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात माणसांची व लहान जनावरांची वाट रोखणाऱ्याला १२ पण आणि मोठ्या जनावरांची वाट रोखणाऱ्याला २४ पण दंड सांगितला आहे, म्हणजे दंडाचे मोजमाप वाटेच्या प्रकारावरून ठरते, कोणाचे किती नुकसान झाले यावरून नव्हे.

ही दुसरी दृष्टीच धर्माच्या अधिक जवळची आहे. जैन आचारशास्त्रात चोरीला अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, असे म्हटले आहे, आणि त्या व्याख्येत धन्याला वस्तूची उणीव भासण्याची अट नाही. रस्ता घरमालकाचा नसल्यामुळे त्याचे काही घेतले गेले नाही, हा आक्षेप वरवर बळकट दिसतो. परंतु घेतली जाते ती जमीन नसून, हवे तेव्हा निघता येण्याची मोकळीक असते, आणि रात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले नाही हा निव्वळ योगायोग गाडी लावणाऱ्याच्या पदरी पुण्य म्हणून जमा होऊ शकत नाही.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडींमुळेही वाटा अडतात, मग तोही अन्याय का, असे कोणी विचारील. तो वेळ आधीपासून ठाऊक असतो, प्रशासन वाहतूक वळवते, आणि ती अडवणूक सगळ्या गावाने मिळून सोसलेली असते; एकट्या गाडीमागे असा कोणताही सामाईक संकल्प नसतो.

हाच न्याय घरमालकालाही लागू होतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. फाटकासमोरच्या रस्त्यावर त्याचा हक्क आहे तो जाण्यायेण्याचा, मालकीचा नव्हे; म्हणून तेथे दगड, कुंड्या वा साखळी मांडून जागा राखणारा स्वतःच सार्वजनिक वाट न दिलेली घेत असतो. अडवणारी गाडी हलवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने गणवेशातील पोलिसाला दिला आहे, आणि संतापून तिच्या चाकातली हवा सोडणाऱ्या मालकाला तो मिळत नाही.