ताट बदलते कशाने? पालघर जिल्हा आणि व्हीगन आहार

मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, तूप, पनीर आणि मध असे प्राण्यांपासून मिळणारे सगळेच पदार्थ जो आहार वर्ज्य मानतो, त्याला व्हीगन आहार म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराची पहिली संस्था स्थापन केली. भारतात २०२२ साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पदार्थांसाठी स्वतंत्र नियमावली केली. या आहाराचे समर्थक प्राण्यांवरील क्रूरता, पर्यावरणावरील भार आणि माणसाचे आरोग्य अशी तीन कारणे मांडतात आणि तिन्हींत तथ्य आहे. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वायू पशुपालनातून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३ सालचा अंदाज आहे. तरीही एखादी गोष्ट पटणे आणि तिच्यासाठी रोजचे ताट बदलणे यांत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर लोक कधी व कशामुळे ओलांडतात याचा विचार करायला १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा फार उपयोगी आहे. सागरी, नागरी आणि डोंगरी असे त्याचे तीन भाग सांगितले जातात आणि तिन्ही भागांची चूल वेगळी आहे.

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांत मांगेला, वैती, भंडारी घरांचे जेवण माशाभोवती फिरते. ओले मासे नसले तर सुके बोंबील, सुकट, जवळा असतात. पालघर आणि बोईसर शहरांत जैन, मारवाडी, गुजराती व्यापारी घरांतून आणि अनेक मराठी घरांतून मांस-मासे वर्ज्य आहेत, पण दूध, तूप आणि ताक यांच्यावाचून तिथले एकही जेवण पुरे होत नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरात वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांत सणाला कोंबडा असतो, ओढ्यातले मासे आणि खेकडे असतात. पण नागलीची भाकर, भात, उडीद, तूर आणि रानभाज्या या रोजच्या जेवणात दुधाला जवळजवळ स्थान नाही, चहाही पुष्कळदा कोराच असतो. व्हीगन आहाराचे दोन अर्धे भाग या जिल्ह्यात दोन वेगळ्या घरांत आधीपासून नांदत आहेत. एका घराने मांस सोडले आहे पण त्याला दूध सुटत नाही. दुसऱ्या घराला दुधाची गरज कधी भासली नाही, पण मासा आणि कोंबडा सुटत नाही. शाकाहारी माणूस व्हीगन आहाराच्या अधिक जवळ असतो, असे शहरात सर्रास गृहीत धरले जाते. दुधापुरते पाहिले तर डोंगरातला माणूस त्याच्या कितीतरी पुढे आहे.

मोठ्या जनसमूहाने एकाएकी मांस-मासे सोडल्याचे उदाहरण याच भूमीत घडलेले आहे आणि ते आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत देवीच्या साथीच्या वेळी देवीला शांत करण्याचे विधी सुरू झाले, ते तिथून डोंगरातल्या आदिवासी पाड्यांत पोचले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण गुजरातच्या सुरत जिल्ह्यात शिरले. गावोगावी मांडव पडू लागले, लोक जमू लागले आणि अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीच्या आज्ञा ऐकू येऊ लागल्या. दारू आणि ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्या मालकाकडे कामाला जाऊ नका, अशा त्या आज्ञा होत्या. हजारो आदिवासींनी त्या पाळल्या. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या देवी चळवळीचा सविस्तर शोध घेतला आहे.

या चळवळीकडे केवळ अंधश्रद्धेची लाट म्हणून पाहिले तर तिच्यातला महत्त्वाचा धडा हातचा जातो. प्राण्याच्या वेदनेवर तिथे कोणी व्याख्यान दिले नव्हते. लोकांना वळवले ते तीन गोष्टींनी. आज्ञा बाहेरच्या उपदेशकाने दिली नाही, ती आपल्याच माणसाच्या तोंडून आली. ती एकट्याने पाळायची नव्हती, सगळ्या पाड्याने एकाच दिवशी पाळायची होती. आणि तिच्यातून मान व मोकळीक दोन्ही पदरात पडत होती, कारण दारू सुटली की दारूवाल्याचे कर्ज आणि त्या कर्जापायी होणारी वेठ यांची पकडही सैल होत होती. पुढे काय झाले तेही तितकेच बोलके आहे. काही काळाने समाजात दोन गट पडले. नेम पाळत राहिले ते ‘वर्जेला’ आणि जुन्या आहाराकडे परतले ते ‘सर्जेला’. दारू सोडण्यामागे रोज हाताला लागणारा लाभ होता, मासा सोडण्यामागे तसा काहीच नव्हता, आणि ज्या त्यागाला रोजच्या जगण्यातून आधार मिळत नाही तो श्रद्धेचा पहिला भर ओसरला की टिकवणे जड जाते.

वारकरी संप्रदायाची माळ याच तत्त्वावर टिकून आहे. वाडा आणि आसपासच्या भागांतील कुणबी, आगरी समाजात गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस मांस-मासे सोडतो आणि बहुधा आयुष्यभर सोडतो, कारण त्या माळेबरोबर त्याला दिंडी मिळते, भजनाची संगत मिळते, एकादशी मिळते आणि गावात ‘माळकरी’ म्हणून ओळख मिळते. त्याच्या ताटात मटण वाढण्याचा आग्रह मग कोणी करत नाही. जैन समाजातील आयंबिल ही तपश्चर्या तर व्हीगन आहाराच्या अगदी सीमेवर उभी आहे, कारण तिच्यात दूध, दही, तूप यांच्यासह तेल आणि गूळ-साखरही वर्ज्य असते. जो समाज तुपाविना सण साजरा करत नाही, तोच समाज ‘ओळी’ म्हणजे आयंबिलाच्या नऊ दिवसांत तुपाविना राहतो, आणि कित्येक घरांत तो नेम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. दूध सोडता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी या शेजाऱ्यांकडे एकदा नीट पाहावे.

दुधाचा प्रश्न या जिल्ह्यात नुसता आहाराचा नाही, त्याला इतिहास आहे. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना लागणारे गवत डहाणू, उंबरगाव भागातल्या माळांवरून जात असे आणि ते कापणारे हात वारल्यांचे होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध जो उठाव झाला, त्यातली एक मुख्य मागणी पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी द्यावी ही होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. पुढे शहरातले तबेले बाहेर हलवावेत म्हणून डहाणू तालुक्यात दापचरीचा दुग्ध प्रकल्प उभा राहिला, त्यासाठी आदिवासी भागातली विस्तीर्ण जमीन गेली आणि कुर्झे येथे धरण झाले; प्रकल्पाचे वैभव मात्र फार काळ टिकले नाही. मुंबईच्या चहात पडणाऱ्या दुधामागे या डोंगरातले गवत, जमीन, पाणी आणि घाम किती आहे, याचा हिशेब शहराने कधी मांडला नाही. व्हीगन विचार सांगणाऱ्याने डोंगरात बोलायचेच असेल, तर या हिशेबापासून बोलावे. तिथे तो ऐकला जाईल, कारण तो ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे.

शाकाहारी घरासाठी हिशेब वेगळा आहे. दूध देण्यासाठी म्हैस व्यावी लागते आणि दर वेताला जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मे नर असतात. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरलेले नाही, त्यामुळे तबेल्यात तो उपाशी मरतो किंवा कत्तलखान्याकडे जातो. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हैसवर्ग मात्र त्या कायद्याच्या बाहेर आहे. भारत एकाच वेळी जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, हा योगायोग नाही. दोन्ही व्यवसायांचा गोठा एकच आहे. दुधामागची क्रूरता महात्मा गांधींना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जाणवली होती. कलकत्त्याच्या गोठ्यांत दूध काढण्यासाठी गायी-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराविषयी वाचून त्यांनी १९१२ साली दूध सोडले. दीर्घ आजारानंतर १९१९ साली मुंबईत कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि प्रतिज्ञेचा शब्द राहिला, आत्मा गेला, अशी खंत ते पुढे बाळगत राहिले. त्यांच्यासारख्या निश्चयी माणसालाही अशक्तपणात पर्यायी आहार सापडला नाही, ही गोष्ट व्हीगन प्रचारकांनी मनाला लावून घ्यायला हवी. निश्चयाच्या मागे स्वयंपाकघर उभे नसेल तर निश्चय आजारपणात मोडतो.

किनाऱ्यावर मात्र हा सगळा विचार फार सांभाळून मांडावा लागतो. पापलेट, म्हणजे सरंगा, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला; त्याची नामांकित पेठ सातपाटी. इथला मासा कमी होत चालला आहे हे मच्छीमार स्वतःच सांगतात. पावसाळी मासेमारीबंदी, लहान पिल्लांची पकड थांबवणे, जाळ्याच्या आसाचा आकार या विषयांवर इथल्या सहकारी संस्था वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याने खाडी व समुद्र बिघडतो ही तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली तीही अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले त्याच्या आधीपासून मच्छीमार त्याला विरोध करत आहेत. ज्या समाजाने समुद्र वाचवण्यासाठी लवादाची पायरी चढली, त्याला समुद्रावर प्रेम करायचे असेल तर मासा सोडा असे कारखान्याच्या पगारावर जगणाऱ्याने सांगणे अन्यायाचे आहे. व्हीगन विचाराला या किनाऱ्यावर जागा हवी असेल, तर नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध त्याने आधी मांगेल्यांच्या शेजारी उभे राहावे.

डोंगरात प्रश्न याहून नाजूक आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२च्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता आणि कुपोषणाची ती सावली अजून पुरती हटलेली नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील अंगणवाडीच्या मुलांना अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी दिली जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याला धार्मिक कारणांनी विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. वनस्पतीजन्य आहारात पोषण नसते असे मुळीच नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधापेक्षा कितीतरी अधिक. उडीद, तूर, वाल, तीळ, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात. पण बी-१२ हे जीवनसत्त्व, जे रक्त आणि मज्जातंतू यांच्यासाठी अत्यावश्यक असते, ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते. ती गोळी ज्याला परवडते आणि आठवणीने घेता येते त्याने व्हीगन व्हावे. जिथे आरोग्य उपकेंद्र गाठायला चालत जावे लागते तिथल्या मुलाचे अंडे काढून घेणे ही अहिंसा म्हणता येणार नाही.

मग माणसे वळतील कशाने? पहिले उत्तर चवीचे आहे. जूनच्या सरींनंतर पालघर आणि बोईसर स्टेशनांबाहेर आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या मांडून बसतात आणि जुडीबरोबर हिरव्या काकडांची छोटी फळे देतात. शेवळाचे वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा भाग खाज आणतो म्हणून काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचे. मग त्यात कुणी सोडे घालतो, कुणी खिमा घालतो आणि कुणी वाल किंवा चणाडाळ. वालाचे शेवळे खाल्लेल्याला काही उणे वाटत नाही. टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नारळाच्या रसातली सोलकढी हा सगळा ठेवा प्राणिजन्य पदार्थांवाचून परिपूर्ण आहे आणि तो कुठूनही आयात करावा लागत नाही. दिवाळीच्या फराळातही तेलाच्या मोहनाची चकली, शेव आणि चिवडा कोणत्याही बदलाविना या आहारात बसतात. याउलट, खोक्यातले बदामाचे दूध आणि सोयाबीनचे बनावट मांस यांच्या किमती पाहिल्या की हा आहार श्रीमंतांचा नाद आहे हा समज पक्का होतो. प्रचारकांनी त्यांच्या जाहिराती करणे सोडावे हेच बरे.

दुसरे उत्तर संगतीचे आहे. तारापूर वसाहतीत देशाच्या अनेक राज्यांतून आलेले कामगार खानावळीत जेवतात आणि तिथला डबा खानावळवाला ठरवतो. बिहारच्या कामगाराला सत्तू आणि लिट्टी-चोखा, मराठी कामगाराला वालाचे बिरडे आणि नागलीची भाकर, असे कारखान्याच्या उपाहारगृहात आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनाच मिळू लागले, आणि ते मटणापेक्षा स्वस्त व चवीला चांगले असले, तर तेवढ्याने जितकी ताटे बदलतील तितकी शंभर व्याख्यानांनी बदलणार नाहीत. श्रावण लोकांना जमतो तो याच कारणाने, की त्या महिन्यात आजूबाजूचे सगळेच पाळत असतात.

तेव्हा या विचाराने आपली मागणी कोणापुढे ठेवायची हे आधी ठरवावे. बोईसर आणि पालघरच्या नव्या इमारतींत, कंपन्यांच्या वसाहतींत, दुकानदारांच्या घरांत निवडीचे स्वातंत्र्य आहे, पगार आहे, दवाखाना आहे, बी-१२ची गोळी आहे. मागणी तिथे करावी, आणि तिथेही तिची सुरुवात मटणापासून न करता दुधापासून करावी, कारण मटणाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि दुधाविषयी बोलायला कोणी धजावत नाही. ज्या घरात रोज दोन लिटर दूध येते त्या घराने या दिवाळीत ते एक लिटरवर आणावे, आणि मोखाड्याच्या अंगणवाडीतल्या मुलाच्या अंड्याला हात लावू नये.