वाटणीतले घर

बंगळुरूच्या दक्षिणेला कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटी आकाराला येऊ लागली. पुढे नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी जोडप्यांनीही त्या परिसरात कर्ज काढून घरे घेतली. असे एखादे जोडपे विभक्त होऊ लागते, तेव्हा घराची किंमत ठरवण्यासाठी मूल्यमापक बोलावला जातो. तो क्षेत्रफळ मोजतो, इमारतीचे वय पाहतो, आसपासचे व्यवहार आणि सरकारी दर ताडून पाहतो आणि एक आकडा लिहून देतो. तो आकडा न्याय्य केव्हा म्हणावा, हा प्रश्न मात्र त्याच्या शास्त्राबाहेरचा आहे.

ज्याला घर ठेवायचे असते, त्याला आकडा लहान हवा असतो. जो वाटा घेऊन बाहेर पडणार, त्याला मोठा. भावांच्या वाटणीत आपल्याकडे एक रीत सांगितली जाते : ज्याने वाटे पाडायचे, त्याने शेवटी उचलायचे. कोणता वाटा आपल्या हाती येईल हे ठाऊक नसलेला माणूस सहसा अन्याय करीत नाही. घराच्या किमतीलाही हीच कसोटी लावता येईल. जी किंमत धरून मी घर ठेवीन, तीच धरून सोडायलाही तयार असेन, असे दोघांनाही म्हणता आले पाहिजे.

परंतु ही कसोटी दोघांचाही वाटा आहे असे गृहीत धरते. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेत, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते. इतरत्र तसे नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे २७वे कलम लग्नाच्या वेळी वा त्या सुमारास भेट मिळालेल्या, उभयतांच्या मालकीच्या असू शकणाऱ्या मालमत्तेविषयी बोलते. पुढे घेतलेल्या घरासंबंधी खत कोणाच्या नावे आहे आणि हप्ते कोणी भरले, हेच मुख्यतः विचारले जाते.

समजा, हप्ते पतीच्या पगारातून गेले आणि मुलासाठी, सासूच्या आजारपणासाठी पत्नीने नोकरी सोडली. तिच्या त्या वर्षांची नोंद कोणत्याही पासबुकात नसते. तिला पोटगी मिळू शकते, हे खरे. पण पोटगी गरज पाहून दिली जाते आणि वाटा हक्क मानून. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या एका दाव्यात, गृहिणीचे श्रम हे मालमत्ता संपादनातील योगदानच होय, असे मानले. तो दावा घटस्फोटाचा नव्हता; तरी त्यातील तत्त्व येथेही लागू पडावे असे आहे.

यावर कोणी म्हणेल, घरकामाची किंमत कशी काढणार? इलेक्ट्रॉनिक सिटीकडे २०१० साली उन्नत मार्ग आला, ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रो धावू लागली. अशा सोयींनी घराची किंमत वाढली, तर ती वाढ नावावर घर असणाऱ्याच्या पदरात निमूटपणे पडते. तिच्यासाठी त्याने कोणते श्रम केले, हे कोणी विचारीत नाही. श्रमाविना आलेली वाढ ज्या हिशेबात बसते, त्यातून प्रत्यक्ष झालेले श्रम केवळ मोजता येत नाहीत म्हणून वगळावेत, हे कोणत्या नीतीला धरून आहे?

म्हणून किंमत काढण्याआधी वाटे कोणाचे, हे ठरले पाहिजे. तो निर्णय मूल्यमापकावर सोपवता येत नाही; तो एकत्र राहिलेल्या दोघांनी आणि त्यांच्यासाठी कायदे करणाऱ्या समाजाने घ्यायचा आहे.