गोळीच्या आधीचा हिशेब

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर जायचे, तर ध्रुवीय अस्वलाला पिटाळून लावण्याचे साधन सोबत ठेवावेच लागते. प्रशासन बंदूकही बाळगायला सांगते. पण नॉर्वेच्या या बेटांवर १९७३ पासून अस्वलाला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला आमिष दाखवणे किंवा त्याचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे. जीव वाचवण्यासाठी गोळी घातली, तरी प्रत्येक वेळी चौकशी होते. हे टाळता आले असते का, याचे उत्तर द्यावे लागते.

ऑगस्ट २०११ मध्ये तिथे शाळकरी मुलांच्या एका ब्रिटिश मोहिमेच्या तळावर अस्वल शिरले. सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला, चौघे जखमी झाले. तळाभोवती ताणलेली, धक्का लागताच आवाज करणारी तार वाजलीच नाही. तिचे काही भाग कमी होते. रात्री पहारा नव्हता. बंदूक चालवायला गेले, तर गोळ्या न सुटता नुसत्याच बाहेर पडल्या. अखेर एक गोळी सुटली आणि अस्वल मेले. ते उपाशी होते, त्याचे दात खराब झालेले होते. त्या दिवशी बंदुकीला शेवटचा उपाय म्हणायचे तरी कसे? तिच्या आधीच्या पायऱ्या कच्च्या होत्या. सगळा भार तिच्यावर आला आणि ती चालली तोवर उशीर झाला होता.

गोळी हा शेवटचाच उपाय, हे आपला कायदाही मानतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या वाघाला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसले, तरच त्याला मारण्याचा आदेश काढता येतो. तोही लेखी कारणांसह. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-१ वाघिणीला, म्हणजे अवनीला, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. आधी बेशुद्ध करा, ते न जमल्यास मारा, असा आदेश होता. पण ही पायरी नीट पाळली गेली का, यावरच पुढे वाद पेटला. गावांत पेढे वाटले गेले, शहरांत मेणबत्त्या लागल्या. दोन्हीकडच्या भावना खऱ्या होत्या. पण ज्याला गुरे चारायला रानात जावेच लागते, त्या माणसाला मेणबत्तीच्या उजेडात अहिंसा शिकवणे सोपे असते. आणि सूड उगवला म्हणून पेढे वाटणाऱ्यालाही विचारावे लागते: उद्या दुसरा वाघ आला, तर पुन्हा बंदूकच?

बंदूक स्वस्त पडते, ही खरी अडचण आहे. एक आदेश, एक नेमबाज, एक रात्र. आधीचे उपाय मात्र रोजचे, कंटाळवाणे आणि खर्चाचे असतात. घरात शौचालय, वस्तीवर दिवे, गोठ्याला भक्कम जाळी, वेळेवर नुकसानभरपाई, वनखात्याच्या तुकडीला पुरेशी माणसे. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी बिबट्याच्या सावटाखाली रात्री पंप चालू करायला जातो, कारण शेतीची वीज अनेकदा रात्री येते. तो दिवसा वीज मागतो. या मागणीत त्याचाही जीव आहे आणि बिबट्याचाही.

म्हणून गोळीचा आदेश निघेल, त्या दिवशी त्यासोबत आणखी एक कागद जाहीर व्हावा: आधी कोणते उपाय केले, कोणते राहिले आणि कोणामुळे राहिले. तो कागद कोरा निघाला, तर गोळी घालावी लागेलही, कारण समोरच्या माणसाचा जीव थांबत नाही. पण मग मेलेल्या जनावराला नरभक्षक ठरवून आपल्याला सुटता येणार नाही. राहिलेल्या कामांचा जाब आपल्याकडेच मागावा लागेल, आणि वाघ वाचवा म्हणणाऱ्या शहराला त्या कामांच्या खर्चात आपला वाटा उचलावा लागेल.