दया आणि हक्क

हक्क हा कर्तव्याचा मोबदला आहे, की मनुष्यजन्माबरोबरच तो येतो, हा वाद जुना आहे. १९४७ साली महात्मा गांधींनी ज्युलियन हक्स्ली यांस कळविले होते की, नीट बजावलेल्या कर्तव्यातूनच खरे हक्क उत्पन्न होतात. या विचाराची नैतिक उंची कोण नाकारील? तथापि तत्त्वाची कसोटी बलवानाच्या नव्हे, दुर्बळाच्या बाबतीत पाहावी लागते.

तसा प्रसंग मुंबईच्या मानखुर्द येथे आला. तेथील नवे निरीक्षणगृह १९२७ साली स्थापन झालेली 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' चालवीत असे. तेथील मुलांची स्थिती व त्यांस आईबापांकडे पोचविण्यास होणारा विलंब यांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी उच्च न्यायालयास पत्र लिहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९८६ मध्ये त्याने निर्वाळा दिला की, अशा संस्थेस 'राज्य'च मानले पाहिजे. घटनेच्या २१ व्या व २४ व्या अनुच्छेदांचे बंधन तिजवर आहे.

आता विचार करावा. चुकून शहरात आलेल्या सहा वर्षांच्या पोराने कोणते कर्तव्य बजावले आहे? काहीच नाही. मग हक्क जर कर्तव्याचे वेतन असेल, तर त्याच्या वाट्यास केवळ दया उरते. दया थोर खरी. परंतु ती आटली तर जाब कोणास विचारावा? १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' हे शब्द यावेत म्हणून हंसाबेन मेहता झटल्या. ते सर्व मानव जन्मतःच स्वतंत्र व समान आहेत, असे ते कलम म्हणते. जन्मतः, म्हणजे कोणतेही कर्तव्य घडण्यापूर्वीच.

कोणी म्हणेल, ज्यास मागता येत नाही त्याचा हक्क कसला? काही विधिज्ञांचे मत असेच आहे. आमच्या मते यात हक्क आणि वाचा यांची गल्लत होते. वाचा दुसऱ्याची घेता येते, मानखुर्दच्या मुलांसाठी ती एका पत्रकाराने दिली. हित मात्र ज्याचे त्याचेच राहते, आणि हक्क त्या हितावर उभा असतो.

म्हणून गांधीजींचे वचन आम्ही टाकून देत नाही. त्याची जागा तेवढी बदलतो. कर्तव्य आहेच, पण ते मुलाकडे नाही, त्यास सांभाळणाऱ्याकडे आहे. तेव्हा अनाथगृहाच्या चालकांनी मुलांकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याआधी आपला हिशेब समाजापुढे मांडावा, हेच न्यायास धरून होईल.