पुढच्या वर्षी

आम्हा शिक्षकांच्या तोंडी काही शब्द इतके रुळलेले असतात की, ते आपण कोणाला आणि कशाच्या बदल्यात देत आहोत याचा विचारही मनात येत नाही. ‘पुढच्या वर्षी’ हे त्यांपैकीच. संमेलनाच्या नाटकात काम न मिळालेला मुलगा, सहलीचे पैसे न जमलेली मुलगी, शर्यतीत चौथा आलेला एखादा हिरमुसला जीव – सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवून आपण हेच सांगतो. मूलही मान डोलावते. या शब्दांचे खरे वजन मला कळले ते एका परदेशी सामन्याची हकीकत ऐकताना. ती सांगणारा माझा एक जुना विद्यार्थी. तो अमेरिकेत शार्लट शहरी नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत घरी आला होता, तेव्हा फराळाचे ताट पुढे ठेवून आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो होतो.

शार्लट हे उत्तर कॅरोलायना राज्यातले शहर. दक्षिण कॅरोलायनाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. या दोन शेजाऱ्यांत जी चुरस असायची ती आहेच. १९३७ साली शार्लटमध्ये दोन्ही राज्यांच्या हायस्कुलांतून निवडक खेळाडू घेऊन एक फुटबॉलचा सामना भरवण्यात आला, आणि पुढे दर डिसेंबरात तो भरू लागला. ‘श्राइन बोल’ हे त्याचे नाव. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू लांबोळा, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. तो छातीशी धरून समोरच्या अकरा धटिंगणांतून वाट काढत धावायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड तरी पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या अंगी जी चपळाई आणि जो बेडरपणा लागतो, तोच तिथे धावणाऱ्या गड्याला लागतो, असे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे. मी मानले. कबड्डी मला थोडीफार कळते.

या सामन्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, तो धंद्यासाठी नाही. लाल गोंड्याची टोपी घालणारी ‘श्रायनर’ नावाची एक बंधुमंडळी तिकडे आहे. तिने १९२७ साली दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे मुलांचे इस्पितळ उघडले. वाकड्या पायांची, अधू पाठीची मुले तिथे येतात आणि ऐपत नाही म्हणून कोणाला परत जावे लागत नाही. सामन्याचे उत्पन्न या कामी जाते. बळकट पाय धावतात ते दुबळ्या पायांना चालता यावे म्हणून, अशा अर्थाचे घोषवाक्य या मंडळींच्या सामन्यांना चिकटलेले आहे. ते खोटे नाही. सामन्याआधी खेळाडूंना त्या इस्पितळात नेतात, मुलांना भेटवतात.

दुसरी गोष्ट अशी की, या संघात शेवटच्या वर्षाचीच मुले घेतात. म्हणजे खेळायचे ते आयुष्यात एकदाच.

१९६५ साली शार्लटच्या मायर्स पार्क हायस्कुलात जिमी ली कर्कपॅट्रिक हा मुलगा शेवटच्या वर्षाला होता. कृष्णवर्णीय मुलगा. आधी तो काळ्या मुलांच्या निराळ्या शाळेत होता आणि त्याच वर्षी या गोऱ्यांच्या शाळेत आला होता. सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद १९५४ सालीच बेकायदा ठरवला होता, पण कायदा आणि फळा यांच्यामध्ये केवढे अंतर असते ते आपल्याला काही नवे नाही. त्या मोसमात त्याच्यासारखा धावणारा गडी शहरात नव्हता. संघ जाहीर झाला. त्यात त्याचे नाव नव्हते. १९३७ पासून त्या संघांत एकही कृष्णवर्णीय मुलगा आलेला नव्हता. आजवर ‘त्यांच्या शाळा वेगळ्या’ असे सांगण्याची सोय होती. या वेळी शाळा एकच होती, म्हणून गोष्ट उघडी पडली.

ज्युलियस चेंबर्स नावाच्या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने न्यायालयात धाव घेतली. या माणसाची एक लहानपणची हकीकत इथे सांगितली पाहिजे. त्याचे वडील माउंट गिलियड गावात मोटारदुरुस्ती करीत. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने मालमोटार दुरुस्त करून घेतली आणि पैसे बुडवले. ते पैसे ज्युलियसला बाहेरगावच्या चांगल्या शाळेत धाडण्यासाठी हवे होते. बाप गावातल्या वकिलांकडे गेला, एकानेही त्याचे वकीलपत्र घेतले नाही. थोरल्या भावंडांना मिळालेली ती शाळा ज्युलियसची हुकली. हुकलेल्या शाळेचा हिशेब त्याने वकील होऊन मांडला.

खटला उभा राहिला आणि २२ नोव्हेंबर १९६५ च्या पहाटे शार्लटमध्ये चार घरांवर बाँब पडले. त्यांत चेंबर्सचे घर होते, बाकीची तिघा पुढाऱ्यांची. नशिबाने कोणी दगावले नाही. कोणावर आरोपही ठेवला गेला नाही, आजतागायत नाही. सामना मात्र थांबला नाही, तो ठरल्या वेळी झाला. पुढच्या वर्षी, १९६६ साली, संघांत कृष्णवर्णीय खेळाडू प्रथमच आले आणि तेव्हापासून येत राहिले.

माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, शेवटी न्याय झालाच की!”

मी चहाचा कप खाली ठेवला. कोणाला झाला?

एक बाजू मी मोकळ्या मनाने मांडून पाहतो. खटला जिंकून तो सामना बंद पडला असता, तर त्या वर्षी इस्पितळाला पैसा गेला नसता. ग्रीनव्हिलच्या खाटेवरच्या पोराला, आपल्यासाठी मैदानात कोण धावले आणि कोणाला धावू दिले नाही, याच्याशी काय कर्तव्य? त्याला पायात घालायचा आधार हवा असतो. हा विचार हलका नाही. ज्याने अशा पोराला पहिले पाऊल टाकताना पाहिले आहे तो याला हसणार नाही. पण मग मनात येते की, जिमीला संघात घेतले असते तर तिकिटे कमी खपली असती काय? त्या इस्पितळाची गरज होती धावणाऱ्यांची; त्यांच्या कातडीचा रंग ही गरज इस्पितळाची नव्हती, ती निवडणाऱ्यांची होती. सत्कार्याच्या ओझ्याखाली आपली एक खासगी गाठोडी सरकवून द्यायची आणि ‘ओझे उचला, नाहीतर पोरे मरतील’ म्हणायचे, ही युक्ती फार जुनी आहे. वाईट कामाला आडोसा लागतो हे आपण जाणतो. चांगल्या कामाचा आडोसा सर्वांत पक्का, कारण त्यावर दगड मारायला हात धजत नाही.

आणि पुढचे वर्ष? १९६६ चे जे खेळाडू आले त्यांना त्यांचे मिळाले. जिमी तोवर पर्ड्यू विद्यापीठात गेला होता. रामाचे देणे लक्ष्मणाला देऊन पावती रामाच्या नावाने फाडता येत नाही. रीत सुधारणे निराळे आणि माणसाचे देणे फेडणे निराळे. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले, असे आपण समजतो, कारण ते सोयीचे असते.

२०१३ साली शार्लटच्या वर्तमानपत्राने ही सारी हकीकत पुन्हा छापली. ती वाचून जिमीच्याच आडनावाचा एक गोरा वर्गमित्र अस्वस्थ झाला. आडनाव सारखे असण्यामागे काय आहे याचा शोध निघाला तेव्हा कळले की, जिमीचे पूर्वज त्याच्या पूर्वजांच्या मालकीचे गुलाम होते. दोघेही तेव्हा साठी ओलांडलेले. ते भेटले, बोलले, पुढे लोकांसमोर एकत्र उभे राहिले. याला न्याय म्हणत नाहीत, मला ठाऊक आहे. पण निदान एक माणूस योग्य पत्त्यावर गेला.

हे ऐकल्यापासून मला एक पत्ता आठवतो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलींच्या वर्गखोलीवर छप्पर नव्हते. गावच्या एका प्रतिष्ठिताने शेजारच्या तालुक्याशी कबड्डीचा सामना भरवायचे ठरवले. तिकिटांतून पत्रे येणार होते. संघ मी निवडायचा होता. सामन्यानंतर खेळाडूंची पंगत त्यांच्या वाड्यात बसणार, तेव्हा ‘जरा बघून मुले घ्या’ एवढेच ते म्हणाले. मी बघून घेतली. गावाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा होता, चढाईला त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. मी त्याला बाजूला घेतले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी तुलाच कप्तान करू.”

तो दहावीत होता. हे मला ठाऊक होते, आणि त्यालाही.

“बरं सर,” तो म्हणाला, आणि सामन्याच्या दिवशी आखणीसाठी लागणारी फक्की त्यानेच आणून दिली.

त्या खोलीत मी अजून शिकवतो. पावसाळ्यात पत्र्यावर आवाज फार होतो, मुलींना ऐकू जात नाही, मग तेवढा वेळ मी थांबतो. तो मुलगा तालुक्याच्या गावी गवंडीकाम करतो असे कळले आहे. एसटीने चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. या सुटीत जाईन म्हणतो.